चेक इंजिनचा दिवा लागला तर : आधी निदान, मग प्लग. घरी करायच्या कामाचा क्रम

चेक इंजिनचा दिवा लागला की सोलापुरात बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी बॅटरीची तार काढून दिवा घालवतो, तर कुणी दुकानात जाऊन “चार प्लग द्या” म्हणतो, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग. दोन्हीत मूळ दोष जागेवरच राहतो. पहिल्या प्रकारात तर दोषाचा पुरावाही पुसला जातो, आणि पुढे गॅरेजवाल्याला अंदाजाने पार्ट बदलत बसावं लागतं. त्याचं बिल आपल्याच नावावर फाटतं.

काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी दिवा ओळखायचा, मग कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) वाचायचा, मग कोणत्या सिलिंडरचा आणि कोणत्या पार्टचा दोष आहे हे ठरवायचं, आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचा.

हा लेख तीन किंवा चार सिलिंडरच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो, तिथे हीटर प्लग असतात आणि त्यांचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा वेगळा असतो. हायब्रीड गाडीचं इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं आणि तिच्यात उच्च दाबाच्या नारिंगी वायरी असतात, त्यामुळे ती घरी उघडू नका. दुचाकीवाल्यांनी थेट टप्पा ६ पासून पुढे वाचलं तरी चालेल. प्लग काढण्या-बसवण्याचे नियम तेच आहेत.

## टप्पा १ : कोणता दिवा, कोणता रंग, कसा लागतोय

चावी ‘ऑन’ करा, पण गाडी सुरू करू नका. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे लागले पाहिजेत आणि गाडी सुरू झाली की विझले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागतच नसेल, तर तो बिघडलाय किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलाय. जुनी गाडी घेताना तर ही तपासणी सगळ्यात आधी करावी.

लाल दिवा म्हणजे थांबा. तेलाच्या बुधलीचं चिन्ह लाल झालं, तर ऑइलचा दाब गेलेला असतो. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. “घर दोन किलोमीटरवरच आहे” म्हणून चालवत नेलेली गाडी इंजिन बांधायलाच जाते. काही मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा. ऑइल पुरेसं दिसत असलं तरी दिवा लाल असेल तर गाडी टो करूनच न्या.

तापमानाचा दिवा लाल झाला तर एसी बंद करा, गाडी थांबवा, इंजिन थंड होऊ द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. त्या जड पाण्याचा क्षार आत थरावर थर धरतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशीपार गेला की नेमका तेव्हाच त्रास देतो. कूलंट नसेल आणि ओतायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला.

बॅटरीचा लाल दिवा चालू गाडीत लागला, तर चार्जिंग होत नाहीये. अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहावा लागतो. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही लागलेला असेल, तर ब्रेक ऑइलची पातळी पाहा आणि ती कमी असेल तर गाडी हलवू नका. यातल्या एकाही दिव्याचा प्लगशी संबंध नाही.

पिवळा, स्थिर चेक इंजिन दिवा : गाडी नीट चालत असेल तर घाबरायचं कारण नाही. एक-दोन दिवसांत कोड वाचून घ्या.

पिवळा, लुकलुकणारा दिवा : याला मात्र फार जपा. एखादा सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जातंय. ते तिथे जळतं, कन्व्हर्टर लालबुंद होतो आणि आतली जाळी वितळते. प्लग काही शेकड्यांत येतो, कन्व्हर्टर हजारोंच्या घरात जातो. पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे दिवा लुकलुकायला लागला, तर “आता सोलापूर आलंच” म्हणून ऐंशीच्या वेगाने दामटू नका. ॲक्सिलरेटर सोडा. लुकलुकणं थांबलं तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जा, नाही थांबलं तर गाडी बाजूला उभी करा.

## टप्पा २ : कोड वाचा, लिहून ठेवा, आणि अजून पुसू नका

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या आसपास, सोळा पिनांचा ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडायची जागा) असतो. कधी तो फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे लपलेला असतो. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणि मोबाइलवरचं एखादं ॲप एवढ्यावर कोड वाचता येतो. स्कॅनर विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमध्ये फक्त कोड वाचून घ्या, पण “पुसू नका” हे आधी सांगा. बऱ्याच ठिकाणी वाचता वाचताच पुसून टाकतात.

क्रम असा ठेवा:

१. इंजिन बंद, चावी ‘ऑन’. स्कॅनर जोडा.
२. पक्के कोड आणि प्रलंबित कोड दोन्ही वाचा. प्रलंबित म्हणजे दोष एकदा दिसलाय, पण दिवा लावण्याइतकी खात्री गाडीच्या संगणकाला अजून झालेली नाही.
३. फ्रीझ फ्रेम उघडा. दोष नोंदला गेला तेव्हा इंजिनाचे फेरे किती होते, इंजिन थंड होतं की तापलेलं, लोड किती होता, हे तिथे असतं. लोक हे पान उघडतच नाहीत, आणि निम्मं निदान तिथेच पडलेलं असतं.
४. सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

आता कोडचा अर्थ. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही, फिरतं आहे. पी ०३५१ ते पी ०३५४ म्हणजे त्या त्या कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) सर्किटमध्ये दोष. तुमचं काम प्लगच्या वाटेने जाण्याची शक्यता याच कोडांत आहे.

पी ०१७१ आला तर मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. आधी हवेच्या नळ्यांची गळती शोधा. पी ०१२८ म्हणजे इंजिन वेळेत तापत नाही, बहुधा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप). पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. या तिन्हींवर प्लग बदलून काही होणार नाही.

सावधान : कोड कुठे बिघडलं ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष मात्र फाटलेल्या नळीत होता, असं हमखास होतं.

## टप्पा ३ : पाना उचलण्याआधी नुसत्या डोळ्यांनी पाहा

बॉनेट उघडून शांतपणे पाहिलं, तर बरेच दोष इथेच सापडतात.

गाडी नुकतीच धुतली होती का? खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शहरातल्या प्रत्येक वॉशिंग सेंटरवर रांग लागते, आणि पूजेला गाडी चकचकीत हवी म्हणून इंजिनावरही प्रेशरचं पाणी मारलं जातं. दुसऱ्या दिवशी हार घातलेली गाडी थरथरत सुरू होते आणि दिवा लागतो. प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो, त्यात पाणी साचलेलं असतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाला पोचण्याआधीच पाण्यातून बाजूच्या धातूत उतरते. कॉइल काढून खड्डा आणि कॉइलचा रबर कोरडा केला की काम झालं. अशा वेळी नवे प्लग आणणं म्हणजे पैसे फुकट घालवणं.

उंदीर. काही दिवस एकाच जागी उभी असलेली गाडी असेल तर कॉइलकडे जाणाऱ्या वायरी बोटांनी चाचपून पाहा. कुरतडलेली वायर वरून दिसत नाही, खालच्या बाजूने उघडी पडलेली असते.

एअर फिल्टर. काढून उजेडाकडे धरा. आपल्याकडची कोरडी धूळ, उसाच्या हंगामातली ट्रॅक्टरमागची माती, यंत्रमागाच्या वस्तीत गाडी उभी राहत असेल तर कापसाचे तंतूही त्यात अडकलेले दिसतील. मॅन्युअलमधले किलोमीटर पूर्ण होण्याची वाट आपण पाहू नये. गच्च भरलेला फिल्टर बदलाच, झटकून परत बसवू नका.

नळ्या. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) मोठा पाइप आणि त्याला लागलेल्या बारीक नळ्या दाबून पाहा. उन्हाने कडक होऊन तडा गेलेली नळी दाबल्यावरच कळते.

गॅसची गाडी असेल तर पेट्रोलवर चालवून पाहा. मिसिंग फक्त सीएनजीवर असेल आणि पेट्रोलवर गाडी ठीक चालत असेल, तर झिजलेला प्लग किंवा दमलेली कॉइल हा पहिला संशय. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लगची झीज गॅसवर आधी उघडी पडते.

इंटरनेटवर “पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल” असा सल्ला सर्रास सापडतो. तो मुख्यतः अमेरिकेतल्या गाड्यांचा आहे, तिथे टाकीतून होणारी वाफेची गळती गाडीच तपासते. झाकण घट्ट आहे ना ते पाहा, पण त्यावर अडून राहू नका.

## टप्पा ४ : कॉइलची अदलाबदल. हाच टप्पा लोक गाळतात

समजा पी ०३०३ आलाय. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय, कॉइल गेलीय, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) गेलाय की आत कॉम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाब) नाही? कोड बघून हे कळणार नाही. पण कॉइल काढून दुसरीकडे लावायला काही मिनिटंच लागतात आणि खर्च शून्य.

मारुतीच्या के-सीरीज इंजिनांत आणि आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. पहिला सिलिंडर साधारणपणे टायमिंग चेनच्या बाजूचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाचा. तरीही मॅन्युअलमध्ये खात्री करा.

१. इंजिन बंद, चावी बाहेर, इंजिन कोमट किंवा थंड.
२. तिसऱ्या आणि पहिल्या कॉइलवर मार्करने ‘३’ आणि ‘१’ लिहा.
३. कनेक्टरचं कुलूप दाबून किंवा वर उचलून कनेक्टर सोडवा. वायरीला धरून ओढू नका. उन्हात वर्षानुवर्षं तापलेलं हे प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं. घाई न करता, कुलूप पूर्ण सुटलंय हे पाहून कनेक्टरच्या अंगाला धरून हलवत काढा.
४. कॉइलचा बोल्ट काढा (बहुतेक गाड्यांत १० नंबरचा), कॉइल किंचित डावी-उजवी फिरवा आणि सरळ वर ओढा.
५. दोन्ही कॉइलींची जागा बदला, बोल्ट आणि कनेक्टर लावा. कनेक्टर बसल्याचा ‘टक’ आवाज आला पाहिजे.
६. आता कोड पुसा. फोटो काढलेत ना, हे आधी पाहा.
७. गाडी सुरू करून काही मिनिटं उभ्या जागी चालू ठेवा, मग गल्लीत एक फेरी मारा. दिवा लुकलुकत असेल तर लांब जाऊ नका.

परत कोड वाचा. आता पी ०३०१ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला. कॉइल खराब. प्लगला हात लावायची गरज नाही. पी ०३०३ तसाच राहिला, तर कॉइल चांगली आहे. आता तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगांची अदलाबदल करून हाच प्रयोग करा (प्लग काढायची रीत पुढे आहे). प्लग हलवल्यावर दोषही हलला, तर प्लग दोषी. तरीही तिसऱ्यावरच राहिला, तर मामला इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशनचा. इथे घरचं काम संपलं.

फिरता पी ०३०० असेल आणि प्लगांचे किलोमीटर मॅन्युअलमधल्या आकड्यापुढे गेले असतील, तर हा खेळ न करता सगळे प्लग बदलणं योग्य.

सावधान : चालू गाडीत एकेक कॉइल उपटून “ठिणगी पडते का बघू” ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातली रीत विसरा. तिथे हजारो व्होल्ट असतात, हाताला जबर झटका बसतो आणि गाडीचा संगणक जळू शकतो.

## टप्पा ५ : नेमका प्लग आणि नेमकी हत्यारं

काउंटरवर नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच नावाखाली इंजिन बदलतं. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टचं पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचं आहे, त्याआधीच्या स्विफ्टमध्ये ते चार सिलिंडरचं होतं. “स्विफ्टचे चार प्लग द्या” म्हटलं की चुकलंच. मॅन्युअलमधला प्लगचा नंबर लिहून न्या, सोबत गाडीचं साल आणि ती सीएनजी आहे का हेही.

नंबरात बरंच काही लिहिलेलं असतं. एनजीकेचा बीकेआर६ई-११ हा नंबर घ्या. ‘बी’ म्हणजे १४ मिमीचे आटे, ‘के’ म्हणजे १६ मिमीचा षटकोन, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि ‘११’ म्हणजे गॅप (ठिणगी जिथे पडते ती फट) १.१ मिमी. मधला ‘६’ हा हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा. एनजीकेत हा आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, बॉशमध्ये नेमकं उलटं. म्हणून “कंपनी दुसरी पण नंबर जवळचाच” असं म्हणून प्लग घेऊ नका. आट्यांची लांबी चुकली तर प्लग पिस्टनवर आदळू शकतो.

साधे निकेलचे प्लग स्वस्त पण लवकर झिजतात, इरिडियमचे महाग पण कितीतरी जास्त टिकतात. कंपनीने इरिडियम दिला असेल तर निकेल लावून पैसे वाचवू नका. गॅसवर चालणाऱ्या गाडीला प्लग लवकर बदलावे लागतात; सीएनजी मॉडेलसाठी मॅन्युअलमध्ये वेगळा नंबर, वेगळे किलोमीटर किंवा वेगळी गॅप दिली असेल तर तीच पाळा. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

हत्यारं थोडी लागतात, पण नेमकी लागतात:

- आत रबर किंवा चुंबक असलेला प्लगचा सॉकेट. माप गाडीप्रमाणे १४, १६ किंवा २१ मिमी.
- रॅचेट आणि लांब एक्स्टेंशन
- कॉइलच्या बोल्टसाठी १० नंबरचा पाना
- टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना)
- वायर गेज (प्लगची गॅप मोजायचं साधन)
- बोटभर लांबीचा, प्लगच्या टोकावर घट्ट बसणारा रबरी पाइपचा तुकडा
- हवा मारायला सायकलचा पंप किंवा छोटा कॉम्प्रेसर
- स्वच्छ सुती कापड. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत पडतात.

## टप्पा ६ : इंजिन थंडच हवं

सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते गरम असताना प्लग काढला तर मऊ आटे प्लगबरोबर निघून येतात. रात्री गाडी सावलीत लावा आणि सकाळी सहा-सातला काम सुरू करा. मे महिन्यात दुपारी उभी असलेली गाडी चालवलेली नसली तरी बॉनेटखाली तापलेलीच असते.

हँडब्रेक ओढा, चावी काढून घरात ठेवा. बॅटरी काढायची गरज सहसा पडत नाही. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर काम सुरूच करू नका. मुलांना लांब ठेवा, आसपास विडी-सिगारेट नको.

तपासा : प्लगांपर्यंत हात सरळ पोचतोय ना? काही गाड्यांत त्यांच्यावर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा भाग) बसवलेला असतो आणि तो काढल्याशिवाय प्लग दिसत नाहीत. तुमची गाडी तशी असेल तर हे काम गॅरेजला द्या.

## टप्पा ७ : जुना प्लग काढणं

एकावेळी एकच सिलिंडर. एक काढायचा, पाहायचा, नवा बसवायचा, मग पुढचा. चारही भोकं एकदम उघडी ठेवली की एखादा नट नेमका आत जातो.

१. वाटेत येणारा एअर पाइप काढा आणि थ्रॉटलचं उघडं तोंड कापडाने बांधा. बारीक नळी सोडवली असेल तर ती कुठली याचा फोटो काढा.
२. कॉइल काढण्याआधी तिच्याभोवतीची धूळ हवेने उडवा.
३. कॉइल काढा. टॉर्चने खड्ड्यात पाहा आणि परत हवा मारा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण उडालेली धूळ थेट तोंडावर येते.

या तिसऱ्या पायरीवर घाई करू नका. टॉर्च मारला की प्लगच्या षटकोनाभोवती करड्या धुळीचं कडं दिसतं, कधी त्यात वाळूचे खडेही चमकतात. प्लग सुटला की हे सगळं सरळ सिलिंडरमध्ये पडतं आणि पिस्टनबरोबर भिंतीला घासत राहतं. खड्डा स्वच्छ दिसेपर्यंत हवा मारत राहा.

खड्ड्यात ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅसकेट किंवा प्लगच्या नळीचं सील गळतंय. ते कापडाने टिपून घ्या. नुसता प्लग बदलून भागणार नाही, सील बदलावं लागेल. नाहीतर नव्या कॉइलचा रबरही फुगून खराब होईल.

४. सॉकेट प्लगवर पूर्ण खाली बसवा, एक्स्टेंशन सरळ धरा. तिरपा जोर दिला तर पांढरी चिनीमाती तडकते.
५. सुरुवातीला एक झटका लागतो, मग प्लग सहज फिरायला हवा. मध्येच जाम झाला तर जोर लावू नका. थोडा परत घट्ट करा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, वाट पाहा, मग मागे-पुढे करत सोडवा. तरीही अडला तर तिथेच थांबा. आटे गेले की हेडमध्ये नवे आटे बसवावे लागतात, आणि तो खर्च प्लगांच्या कितीतरी पट असतो.

## टप्पा ८ : जुना प्लग वाचणं

प्लग फेकू नका. अंड्यांच्या ट्रेमध्ये सिलिंडरच्या क्रमाने ठेवा आणि चारही शेजारी-शेजारी पाहा.

टोक फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर इंजिन ठीक जळतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, फिल्टर बंद आहे, किंवा गाडी रोज नव्या पेठेतून सात रस्त्यापर्यंत एवढीच चालते आणि कधी नीट तापतच नाही. ओला, तेलकट काळा थर म्हणजे ऑइल जळतंय. व्हॉल्व्ह सील किंवा रिंगांकडे पाहावं लागेल. पेट्रोलने भिजलेला प्लग म्हणजे तिथे ठिणगी पडत नव्हती. पांढराफटक, फोड आलेला प्लग म्हणजे सिलिंडर फार तापतोय किंवा प्लगचा हीट रेंज चुकलाय.

चारपैकी एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता. चारही सारखेच काळे असतील तर कारण सामाईक आहे.

चिनीमातीच्या बाहेरच्या भागावर, धातूच्या कडेलगत, तपकिरी कडं दिसलं तर इंजिनातला जळालेला गॅस तिथून गळतोय असं समजू नका. उच्च व्होल्टेजमुळे धूळ आणि तेलाचे कण तिथे चिकटतात, ते नेहमीचंच आहे. पण वरून खाली गेलेली केसासारखी काळी रेघ असेल, तर ठिणगी बाहेरून उडत होती. अशा वेळी प्लगबरोबर कॉइलचा रबरही बदला.

## टप्पा ९ : नवा प्लग बसवणं

१. खोक्यातून काढल्यावर चिनीमाती आणि वॉशर पाहा. हातातून पडलेला प्लग लावू नका. तडा डोळ्यांना दिसत नाही.
२. गॅप वायर गेजने तपासा. इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या प्लगमध्ये नाण्यासारखं गेज घुसवू नका, मधलं बारीक टोक तुटतं. बहुतेक प्लग गॅप लावूनच येतात. फरक असेल तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हळूच वाकवा. आकडा बराच चुकलेला असेल तर दुकानात परत द्या.
३. काही प्लगांच्या वरच्या टोकाला सुटा नट असतो. तुमच्या कॉइलला तो लागतो का ते जुन्या प्लगवरून पाहा आणि लागत असेल तर पक्का आवळा.
४. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. एनजीकेसारखे उत्पादक ते नको म्हणतात, कारण आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.
५. रबरी पाइपच्या तुकड्यात प्लग अडकवून खड्ड्यात सोडा. आधी उलटा फिरवा. आटे जुळल्याचा हलका ‘टक’ जाणवला की सुलटा फिरवा. पाइपमुळे प्लग वाकडा शिरला तर पाइपच घसरतो, आटे मरत नाहीत. पहिले सगळे फेरे हातानेच. सुरुवातीलाच रॅचेट लावणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे.
६. प्लग टेकला की टॉर्क रेंच लावा. मॅन्युअलमधला आकडा प्रमाण. तो मिळत नसेल तर वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण असं: १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२.

टॉर्क रेंच नसेल तर घड्याळाच्या तबकडीने मोजा. नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर सहा ते आठ तासांएवढा, म्हणजे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग काढून परत लावत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, त्यामुळे एका तासाएवढाच. वॉशर नसलेल्या निमुळत्या प्लगला त्याहूनही कमी. प्लगच्या खोक्यावर वेगळी खूण छापलेली असेल तर ती पाळा.

सावधान : “जरा अजून आवळतो, ढिला नको” हा विचार इथे घातक आहे. ढिला प्लग नीट थंड होत नाही आणि आतला दाब गळतो, हे खरंच; पण जास्त आवळलेला प्लग आटे घेऊन जातो आणि ते पुढच्या वेळी प्लग काढताना कळतं.

७. कॉइल सरळ खाली दाबा, बोल्ट लावा, कनेक्टर ‘टक’ करून बसवा. मग पुढचा सिलिंडर.

## टप्पा १० : सुरू करणं आणि खात्री करणं

बॉनेट लावण्याआधी मोजा. बोल्ट उरलेला नाही ना? थ्रॉटलला बांधलेलं कापड काढलं का? एअर पाइपचा क्लॅम्प आवळला का? सगळ्या बारीक नळ्या जागेवर आहेत का? काम झाल्यावर रेस वर-खाली होत असेल आणि पी ०१७१ आला, तर जवळजवळ नक्कीच एखादी नळी लावायची राहिली आहे.

गाडी सुरू करा. थरथर असेल तर लगेच बंद करून कनेक्टर तपासा. आवाज एकसारखा असेल तर कोड पुसा आणि गाडी पूर्ण तापू द्या.

शहरात चार फेऱ्या मारून खात्री होत नाही. झिजलेली कॉइल आणि चुकलेली गॅप लोड आल्यावर दगा देतात. तुळजापूरच्या दिशेने जा. घाटाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये हळूहळू ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग असेल तर जाणवतंच. सीएनजीची गाडी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालवून पाहा. परत आल्यावर दिवा लागलेला नसला तरी प्रलंबित कोड वाचा. तिथे काही नसेल तर काम पक्कं. तारीख, किलोमीटर आणि प्लगचा नंबर सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.

नवे प्लग लावून, कॉइल फिरवूनही त्याच सिलिंडरचा कोड परत आला, तर आणखी पार्ट विकत घेऊ नका. गॅरेजला जाऊन आधी कॉम्प्रेशन आणि मग इंजेक्टर तपासायला सांगा. जाताना सुरुवातीचे कोडचे फोटो, फ्रीझ फ्रेम आणि क्रमाने ठेवलेले जुने प्लग सोबत न्या, आणि कोणती कॉइल कुठून कुठे लावली तेही सांगा. मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचेल, आणि मजुरी ठरवताना तुम्हालाही बोलता येईल.